माणसं वाटणारे सुरेशभाऊ

सुरेशभाऊ गेल्याचं मला भेस्तानच्या गिरणीतल्या एका जुन्या सहकारी बाईने फोनवर सांगितलं. "मंगलताई, भाऊ गेले. हार्ट अटॅक आला." मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. त्याला आता महिना होईल. मला रडू आलं नाही, आणि आलं असं इथे लिहिणारही नाही.

सुरेशभाऊ आणि मी, दोघंही मूळचे खानदेशातले, पोटासाठी गुजराती मुलखात आलेले, गोडादऱ्यात राहणारे. आमची कंपनी साड्यांच्या कापडावर मोठी झालेली. काही वर्षांपूर्वी मालकांनी सभेत जाहीर केलं की पुढचा काळ दवाखान्यांना लागणाऱ्या कापडाचा. कडोदऱ्यात त्याचा नवा विभाग निघाला, तो माझ्याकडे आला. कुठल्या खात्याला किती मशिनं आणि ती दुरुस्त करणारे किती फिटर द्यायचे, हे सुरेशभाऊ ठरवायचे. "तुला काही कमी पडू देणार नाही," म्हणाले. त्या शब्दावर मी आमच्या गल्लीतल्या अकरा बायकांना हातची कामं सोडून या विभागात यायला लावलं.

दिवाळीआधी साड्यांची घाई सुरू झाली आणि आमचे दोन्ही फिटर आठ दिवसांकरता म्हणून भेस्तानच्या साडीखात्यात गेले. ते परत आलेच नाहीत. मग दोन नवी मशिनंही तिकडेच गेली. उरलेली बिघडली की बायका नुसत्या बसून राहायच्या... मी भाऊंच्या घरी गेले. ते जेवत होते. ताटावरची नजर न काढता म्हणाले, "मना हातमा काय शे, मंगल? साडीवाला वरडतस. तुन्या बाया गप ऱ्हातस."

तेव्हा मला उमगलं, सभेतली भाषणं भाषणंच होती. सकाळी फिटर कुणाच्या दारात जातात, तेच कंपनीचं धोरण. आणि ते हा माणूस ओरडणाऱ्यांना भिऊन ठरवत होता.

वर्षभराने मोठ्या साहेबांपुढे भाऊंनी अहवालातून वाचलं, कडोदऱ्याला काम झेपलं नाही.

"फिटर कुणी नेले, तेही वाचा," मी म्हणाले.

त्यांनी पान उलटलं. विभाग बंद झाला. अकराही जणींच्या घरी मीच जाऊन सांगितलं. एकीने दार उघडलं नाही. भाऊंशी मी पुन्हा बोलले नाही.

गेल्या आठवड्यात पीएफच्या कागदांसाठी भेस्तानला गेले होते. भाऊंच्या केबिनमध्ये भिंतभर फळा आहे, त्यावर त्यांच्या अक्षरात खात्यांचे रकाने. नवा साहेब त्याच फळ्यावर माणसं वाटतो. बाकी सगळे रकाने नावांनी भरलेले. कडोदऱ्याच्या रिकाम्या रकान्यात भाऊंच्या शोकसभेची सूचना चिकटवली होती.

मी बघत राहिले, तसा तिथला कारकून म्हणाला, "इथेच जागा होती, बेन."