पाब्लाने फाटक उघडलं नाही

पाब्ला आमच्या शाळेची शिपाईण. बावीस वर्षं मी तिच्यासोबत काम करतेय, आणि ही बाई मला आतबाहेर ठाऊक आहे असं मी कोणालाही छातीठोकपणे सांगत असे. गेल्या ऑगस्टपासून सांगायचं बंद केलंय. तिचंच कशाला, माझंसुद्धा मला धड काही कळत नाही. पण सांगायला बसलेच आहे, तर झालं तसं सांगते.

काआसापा या आमच्या गावात सकाळची शाळा सातला भरते नि अकराला सुटते. फाटक पाब्लाचं, घंटा पाब्लाची, झाडू पाब्लाचा. साडेआठला पोरांना दूध घातलेला कोसिदो, म्हणजे आमचा पानांचा चहा, नि कडक बिस्किटं मिळतात, ते पातेलंही तिचंच. तोंड महाफटकळ. "ए, ढकलाढकली कसली करताय? कोसिदो काय पळून चाललाय?" असं ती ओरडली की मी वर्गात खडू हातात धरून दचकायचे.

सुटताना कोणतं पोर कोणाच्या हाती द्यायचं याची यादी तिच्याकडे पुठ्ठ्याला चिकटवलेली असे. यादीत नाव नसेल तर साक्षात बिशप आला तरी पोर मिळायचं नाही. एकदा एका बड्या घरच्या बाईला तिने अर्धा तास उन्हात ताटकळत ठेवलं होतं.

"अगं, मी त्याची सख्खी मावशी आहे!"

"असाल हो. पण कागदाला कुठे माहीत आहे ते?"

पाब्ला मूळची खेड्यातली. सात वर्षांची असताना आईने तिला गावातल्या एका औषधवाल्याच्या घरी दिली. आमच्याकडे हे सर्रास चालतं. खेड्यात खाणारी तोंडं फार, शाळा लांब. मग बाप्तिस्म्याच्या वेळी जे पोरीचे धर्माचे आईबाप झाले, तेच पाद्रिनो-माद्रिना तिला आपल्या घरी ठेवून घेतात. पोरीने घरकामाला हातभार लावायचा, त्यांनी तिला शाळेत घालायचं. माझ्या माहेरीही अशी एक होती, सातुर्निना. ती पहाटे उठून चूल पेटवायची नि मी तिच्याच वयाची, पांघरुणात लोळत पडायचे. त्यात काही वावगं आहे असं कोणाच्या मनातही येत नसे. पाब्ला स्वतःच म्हणायची, "त्या घरात मला अक्षरं मिळाली, पायात चपला मिळाल्या. अजून काय हवं होतं?"

यानिना तशीच आलेली. आठ वर्षांची, माझ्या तिसरीच्या वर्गात. आई तेओफिला दोन तासांवरच्या खेड्यात. पाद्रिनो म्हणजे हार्डवेअरच्या दुकानाचे मालक, सेन्योर आर्सेनियो. पालक समितीचे अध्यक्षही तेच, आणि आमच्या वर्गांतले सगळे पंखे त्यांनीच बसवून दिलेले. पोरगी कशी, तर पांढरा एप्रन कडक इस्त्रीचा, केसांना रिबिनी, पाढे तोंडपाठ. मी तिची वही बाकीच्यांना दाखवायचे.

एकच खोड होती, आणि ती मला फार खुपायची. आमच्यात लेकरू मोठ्या माणसापुढे आलं की दोन्ही हात जोडून आशीर्वाद मागतं. मोठ्या माणसाने हवेत क्रूस काढायचा, 'देव तुझं भलं करो' म्हणायचं. आईबापाला, आजीला, प्रोफेला म्हणजे मास्तरणीला, आणि सगळ्यांच्या आधी पाद्रिनोला. पाद्रिनोला हात जोडत नाही ते पोर उद्धट, आणि त्याला वळण न लावणारी मास्तरीण बिनकामाची. मे महिन्यात माद्रिनाचे गुडघे धरले, तेव्हापासून सेन्योर आर्सेनियो स्वतः यानिनाला न्यायला येऊ लागले. आणि बघते तर काय, फाटकाशी आलं की ही पोरगी दोन्ही हात एप्रनच्या खिशात कोंबायची! बाकी सगळ्यांना जोडणार, मला जोडणार, पाब्लाला जोडणार, कधीमधी मदतीला येणाऱ्या पाब्लाच्या नवऱ्यालाही जोडणार. पाद्रिनोपुढे खिसे.

"असू द्या हो, प्रोफे. लहान आहे," ते हसून म्हणायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एके दिवशी माझं डोकंच फिरलं. मी तिचे हात खिशातून काढले, माझ्या हातांनी एकमेकांवर ठेवले आणि घट्ट धरून म्हणाले, "म्हण! आशीर्वाद म्हण!" तिने म्हटलं. तेही अगदी हळू. मी खूश. नंतर रोज मी फाटकापर्यंत जायचे नि रोज तिचे हात जोडून घ्यायचे. हे सगळं पाब्ला पुठ्ठा छातीशी धरून बघत असायची. एवढी फटकळ बाई, पण ती तेवढ्या वेळात चकार शब्द काढत नसे.

त्याच सुमारास सरकारकडून दोघीजणी येऊन आम्हाला अर्ध्या दिवसाचं शिक्षण देऊन गेल्या होत्या. शाळेतल्या लेकरावर काही संकट असेल तर ते ओळखायचं कसं, ओळखल्यावर करायचं काय. ऑफिसच्या भिंतीवर एक मोठा तक्ता लावून गेल्या. अंगावर वळ, वर्गात झोप लागणं, डबा न खाणं, एकाएकी अभ्यासात मागे पडणं. खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं, की संशय आला तर स्वतः चौकशी करत बसू नका, घरी कळवू नका, आधी नगरपालिकेतल्या मुलांच्या कचेरीला फोन करा. आम्ही सगळ्या माना डोलावत चिपा, म्हणजे चीजचे पाव, खात होतो.

आठवड्याभराने पाब्ला तक्त्यासमोर उभी. वाचायला तिला वेळ लागतो, बोट फिरवत वाचते.

"प्रोफे, यात ते आहे का हो?"

"काय ते?"

"हात न जोडणं."

मला हसूच फुटलं. "अगं बाई, ते वळण नसणं आहे. ते संकट नव्हे."

"मग बरं," ती म्हणाली. पण गेली नाही. पुन्हा वरपासून बोट फिरवायला लागली. "यातलं एकही तिला लागू होत नाही, नाही का? जेवते, शिकते, वळ नाहीत."

"कोणाला? यानिनाला? पाब्ला, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? त्या माणसाने पंखे दिलेत आपल्याला!"

"हो ना. तेच तर मला कळेना झालंय," ती म्हणाली. "कोसिदो उतू जाईल, जाते."

आता ऑगस्टचा तो गुरुवार. उत्तरेचा गरम वारा सुटलेला. तो सुटला की आमच्याकडे शहाणी माणसंही चिडचिडी होतात. अकराची घंटा झाली, सेन्योर आर्सेनियो गाडी लावून फाटकाशी आले. मी यानिनाला हाताला धरून नेत होते. ते बाहेरूनच म्हणाले, "आज जरा घाईत आहे, प्रोफे. बायको आसुन्सिओनला गेलीय, बहिणीचं ऑपरेशन आहे. दहा दिवस आता आम्ही दोघंच घरी."

पाब्लाचा हात कडीवर होता. तो तिथेच थांबला.

"उघड ना, पाब्ला," मी म्हटलं.

"नाही."

"नाही म्हणजे?"

"पोर देत नाही मी."

मला वाटलं चेष्टा करतेय. सेन्योर आर्सेनियोंनाही तसंच वाटलं. ते हसून, मानाचं 'दोन्या' लावून म्हणाले, "दोन्या पाब्ला, माझं नाव आहे की यादीत. बघा, वरून चौथं."

"आहे," पाब्ला म्हणाली. "तरी देत नाही."

बावीस वर्षं ज्या कागदावर ही बाई जगली, तोच कागद आज तिला चालेना! बाकीचे पालक मागे खोळंबले, गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. मुख्याध्यापिका दोन्या सुनिल्दा धावत आल्या. "काय तमाशा लावलाय हा? पाब्ला, कारण सांग!"

"कारण मला सांगता येत नाही. त्या तक्त्यात नाही ते."

"मग काय करू मी? अध्यक्षांना काय सांगू?" मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "सेन्योर, आत या ना, गार तेरेरे घेऊ, बसून बोलू." आमच्यात कोणताही पेच असाच सुटतो, एकाच नळीने सगळ्यांनी पानांचा तो गार काढा ओढत.

मी तर पाब्लावर तुटूनच पडले. म्हणाले, "लाज वाटत नाही तुला? भल्या माणसाची चारचौघांत अब्रू काढतेस! त्यांनी त्या पोरीला घर दिलं. तुला नव्हतं का दिलं कोणी?"

तिने कडी आणखी घट्ट धरली नि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, आणि मला ते जास्तच झोंबलं.

तेवढ्यात यानिनाने माझ्या हातातून हात सोडवून घेतला. पुढे गेली, फाटकाच्या गजांशी उभी राहिली, दोन्ही हात मी शिकवलं होतं तस्से अगदी बोटाला बोट लावून जोडले आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "आशीर्वाद, पाद्रिनो." मग पाब्लाकडे वळून म्हणाली, "उघडा, दोन्या पाब्ला. माझ्यामुळे तुम्हाला ओरडतायत. मी जाते."

ज्यासाठी मी तीन महिने तिच्या मागे लागले होते ते तिने केलं होतं, आणि मला ते बघवेना. आठ वर्षांची पोर आमचं भांडण मिटवायला स्वतःला देऊन टाकत होती. कशाला देत होती ते मला तेव्हाही कळलं नव्हतं, खरं सांगते. पण मी वळले आणि ऑफिसात गेले. दोन्या सुनिल्दा "कुठे चाललीस, थांब, आधी बोलू तर दे!" म्हणत राहिल्या. तक्त्यावरचा नंबर मी तीनदा चुकीचा लावला. चौथ्यांदा लागला.

मुलांच्या कचेरीतल्या दोघीजणी येईपर्यंत पाब्ला फाटकाला पाठ लावून उभी होती. सेन्योर आर्सेनियो आधी हसत होते, मग ओरडायला लागले, मग गाडी घेऊन निघून गेले. दोघींपैकी मोठी, तिचं नाव ग्रासिएला, यानिनाला ग्रंथालयात घेऊन बसली. आम्हाला कोणाला आत घेतलं नाही. तासाभराने बाहेर आली नि एवढंच म्हणाली, "त्या घरी पोर परत जाणार नाही." आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. ते यानिनाचं आहे, मी विचारलेलंही नाही.

दुसऱ्या दिवशी जबान्या द्यायला आम्हाला कचेरीत बोलावलं. पहाटेच्या बसने तेओफिला आली होती. बारकी बाई, पायांवर लाल माती, आणि नुसती पेटलेली. यानिना पलीकडच्या खोलीत चित्र काढत होती, दार लोटलेलं. आईने अजून तिचं तोंडही पाहिलं नव्हतं, आधी आमच्यावरच आली.

"कोण ती शिपाईण? तू का? तुझं काय वाकडं केलं होतं माझ्या पोरीने? शिकत होती ना चांगली! माझी कोमाद्रे, हिची माद्रिना, देवमाणूस आहे. आता कोण ठेवून घेईल हिला? काय पाहिलंस तू? बोल ना!"

"काही नाही पाहिलं," पाब्ला म्हणाली.

"ऐका! काही पाहिलंच नाही म्हणते!"

ग्रासिएलाने हात वर करून तिला थांबवलं आणि कागद पुढे ओढला. "दोन्या पाब्ला, मला इथे तारीख लिहायची आहे. सगळ्यात आधी तुम्हाला कधी कळलं?"

पाब्लाने टेबलावरचा तो कागद बघितला. मग म्हणाली, "नऊ वर्षांची असताना."

"यानिना आठ वर्षांची आहे."

"तिचं नाही हो. माझं सांगतेय."

मी तिला आदल्या दिवशी चारचौघांत काय बोलले होते ते मला आठवलं आणि मान वर करवेना.

तेओफिलाचा आवाज एकदम उतरला. "मग तुमच्या आईला... आईला नाही कळलं?"

"पवित्र आठवड्यात मला घरी नेलं होतं. पाठोपाठ पाद्रिनो आला, आमच्यासाठी चिपा घेऊन. मी हात जोडले नाहीत. आईने सगळ्यांसमोर मुस्काटात मारली. तेव्हापासून मी जोडायला लागले. मरेपर्यंत आई सांगायची, माझी पाब्ला किती वळणाची."

तेओफिला खाली बसली. स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिली, उलटसुलट करून.

"मी पण मारलं," ती म्हणाली. "एप्रिलमध्ये. पाद्रिनो तिला घेऊन आमच्याकडे आले होते तेव्हा. मी पण मारलं तिला."

मग ती उठली, लोटलेल्या दारापर्यंत गेली, आणि तिथेच अडली. वळून ग्रासिएलाला नाही, मला नाही, पाब्लाला विचारलं, "आत जाऊ का मी?"

"मला काय विचारतेस," पाब्ला म्हणाली. "तिला विचार."

तेओफिलाने दारावर हळूच टकटक केलं, आणि आतून लेक काय म्हणते याची वाट बघत उभी राहिली.