नसीमा सिस्टर आणि पेशंटचे कान

केमोची एक ड्रिप संपायला पाच-सहा तास लागतात. एवढ्या वेळात माणूस झोपतो, नाहीतर बोलतो. आमच्या रत्नागिरीच्या वॉर्डात झोपणारे कमीच! मी तिथला फार्मासिस्ट. काचेआड औषधं तयार करताना इतकं कानावर पडतं, की सांगायला बसलो तर दोन सलाईन संपतील. त्यातलं निम्मं आमच्या नसीमा सिस्टरचं.

* * *

सिस्टरचा पहिला प्रश्न ठरलेला. "कानात काही वाजतं का?" कारण केमोतलं सिस्प्लॅटिन हे औषध कानाला जड.

दाभोळचे एक मच्छीमार काका म्हणाले, "समुद्र वाजतो."

"दाभोळात तो सगळ्यांनाच वाजतो!"

"नाय वो, चिपळूणला लेकीकडे गेलो, तिथं पण वाजला!"

सिस्टरनी हसणं थांबवलं आणि त्यांना थेट कानाच्या तपासणीला नेलं. बारीक आवाज ऐकू येणं कमी झालं होतं. डॉक्टरांनी लगेच औषध बदललं.

* * *

त्या तपासणीत बीप ऐकू आली की बटण दाबायचं असतं. एक आजोबा दाबतच राहिले.

"आजोबा, आत्ता आवाजच नव्हता!"

"नसू दे गो. घरी पण मी न ऐकताच 'हो' म्हणतो!"

सिस्टरनी शेजारी बसलेल्या त्यांच्या आजींना बाहेर बसवलं आणि तपासणी पुन्हा घेतली. कान ठणठणीत!

* * *

एक नवे डॉक्टर आले होते. सिस्प्लॅटिन चालू असलेल्या पेशंटला लघवी कमी होत होती. डॉक्टर म्हणाले, "लॅसिक्स द्या." म्हणजे लघवी वाढवणारं इंजेक्शन.

"ऐकू नाही आलं, सर."

त्यांनी पुन्हा सांगितलं. "नाही आलं, सर." तिसऱ्यांदा ते ओरडलेच.

सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "ही दोन्ही औषधं एकत्र गेली, तर पेशंटशी असंच ओरडून बोलावं लागेल."

डॉक्टरांनी मोठ्या डॉक्टरांना फोन लावला आणि इंजेक्शन रद्द झालं. आता नवीन येणाऱ्या प्रत्येकाला हा किस्सा ते स्वतःच सांगतात!

* * *

एकदा मी विचारलं, "सिस्टर, कानांचाच एवढा ध्यास का?"

त्या म्हणाल्या, "आधीच्या नोकरीत एक आजी होत्या. कॅन्सर बरा झाला. घरी नात झाली. पण तिचं बोबडं बोलणं त्यांना कधी ऐकूच आलं नाही. ही दोन्ही औषधं लिहिलेला त्यांचा कागद मी वाचला होता. मला तेव्हा कळलं नाही."

मग उठून पुढच्या पेशंटची ड्रिप बघायला गेल्या.

* * *

पावसच्या सुनंदाकाकू नारळ विकतात. पहिल्या केमोला आल्या तेव्हा सिस्टरनी त्यांची पिशवी खाटेवर उलटी करायला लावली. डबा, टॉवेल, पानसुपारी, आणि कागदात गुंडाळलेल्या चार गोळ्या.

"ह्या कसल्या?"

"पायाला सूज होती ना. आमच्या गावच्या डॉक्टरानं दिल्या. लघवीच्या."

सिस्टरनी ड्रिप लावलीच नाही. आमच्या डॉक्टरांनी गावच्या डॉक्टरांना फोन केला, गोळी बदलली, रक्त तपासलं आणि आठवड्यानं केमो सुरू केली.

शेवटच्या केमोला काकू दोन नारळ घेऊन आल्या. एक कानाशी धरून हलवला, आत पाणी वाजेना म्हणून बाजूला ठेवला. दुसरा हलवला, डोळे मिटून ऐकला आणि सिस्टरच्या हातात दिला.

"हा तुम्हाला."

"आणि तो?"

"तो आमच्या गावच्या डॉक्टराला!"