प्रॉपर नाऊनवाले सर

गल्लीतल्या क्लासवाल्या सरांचा तोरा असा, की इंग्रजी जणू यांच्याच घरात जन्माला आली. पुढच्या खोलीत बाकं टाकून ते वर्षानुवर्षं पोरांकडून नामांचे प्रकार घोकून घेत. नदी म्हणजे कॉमन नाऊन, गर्दी म्हणजे कलेक्टिव्ह. आत भाजी चिरणाऱ्या त्यांच्या बायकोचे कान किटले होते. गर्व ॲब्स्ट्रॅक्ट नाऊन, तो डोळ्यांना दिसत नाही, असं सर शिकवत. बायकोला तो रोज खुर्चीत पाय पसरून बसलेला दिसे.

प्रॉपर नाऊन आलं की सरांना चेव यायचा. "नाव म्हणजे माणसाचा मान! पहिलं अक्षर कॅपिटलच हवं!" असं टेबल बडवून सांगायचे आणि लगेच म्हणायचे, "ए खिडकी, तू वाच. ए चष्मा, गप्प बस." एका पोराचं नाव या गृहस्थाला ठाऊक असेल तर शपथ! बायकोनं एकदा टोकलं, तर म्हणाले, "तुला व्याकरणातलं काय कळतं?"

पुढे सरांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. वॉर्डात त्यांना खिडकीजवळची खाट मिळाली. नर्स आली आणि म्हणाली, "काय खिडकी, हात हलवू नका, सुई निसटेल."

सर भडकले. "खिडकी? मला काही नाव आहे की नाही?"

"मलाही आहे, सर," सलाईन नीट करत नर्स म्हणाली. "दहावीपर्यंत तुमच्या क्लासात खिडकीपाशीच बसायचे मी."

सरांनी मदतीसाठी खाटेशेजारी बसलेल्या बायकोकडे पाहिलं.

"अहो, सांगा ना मग," ती म्हणाली, "काय नाव हिचं?"