जागलीचा डाव

बोरगाव मेघेच्या ज्या गल्लीपुढे घरं संपून तुरीची शेतं लागतात, त्या गल्लीत ओमप्रकाश देवतळे राहतो. वर्धेतल्या एका दातांच्या लॅबमध्ये तो कवळ्या आणि दातांच्या टोप्या बनवतो. डॉक्टर लोक पेशंटच्या जबड्याचे साचे पाठवतात. हा त्यावरून दात घडवतो, घासून चकचकीत करतो आणि डबीत घालून परत पाठवतो. त्याने केलेल्या दातांनी किती माणसं चावत असतील, हसत असतील, पण त्यातल्या एकाचाही चेहरा त्याने पाहिलेला नाही. कामच तसं आहे.

लग्न राहून गेलं. आधी धाकट्या बहिणीचं, मंजुषाचं, उरकायचं होतं. मग वडील गेले. मग विचारणारे विचारायचे थांबले. घरात तो आणि त्याची आई अनुसयाबाई, एवढेच उरले. त्याला त्याचं फारसं काही वाटत नसे, कारण आई बोलकी होती.

ही बोलकी बाई एक दिवस न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळली. डोकं मात्र लख्ख. जन्म शेतात गेलेला. टीव्हीवरच्या सासवा-सुनांचा तिला दोन दिवसांत कंटाळा आला. ओमप्रकाश लॅबमध्ये गेला की धुरपता सलामे नावाची बाई दिवसभर तिच्याजवळ बसे. बोरच्या जंगलाकडच्या एका गावची, पंचेचाळिशीची, दवाखान्यांतून आणि घरांतून आजाऱ्यांची सेवा करणारी. संध्याकाळी हा आला की ती जाई. आणि मग आई याच्याकडे पाहून म्हणे, "सांग आता काहीतरी." दिवसभर दात घासलेल्या माणसाने सांगायचं तरी काय?

त्याच सुमारास लॅबमध्ये जबड्याचे नमुने मशीनवर छापायला लागले होते. ओमप्रकाश ते शिकला आणि एक वापरलेली छोटी मशीन स्वतःसाठी घेऊन आला. प्लास्टिकची तार वितळवून ती थरावर थर चढवते आणि हातावर मावेल अशी वस्तू उभी करते. वस्तूचा आकार आधी संगणकावर जुळवावा लागतो. त्याचं सॉफ्टवेअर शाळेतल्या पोरांनाही जमेल इतकं सोपं: गोळा, ठोकळा, नळकांडं, सुळका, हे एकमेकांना जोडायचे, नको तिथे कापायचे. त्याने पहिल्यांदा केला तो एक रोही. शेतात घुसणारा, नीलगाय म्हणतात तो. आईने तो हातावर घेतला, उलटासुलटा केला.

"हा रोही व्हय काय रे? हे बकरी हाये," ती म्हणाली. "रोह्याचे खांदे वर असते, पुठ्ठा खाली उतरते. रातच्या जागलीले माह्या संगं आला असता तर समजलं असतं."

त्याने खांदे उचलले, पुठ्ठा उतरवला. पाय बारीक केले तर ते मोडू लागले, म्हणून पायांत गवताचा एक झुबका घातला आणि चारही पाय त्यात रोवले. पुढे रानडुकरं झाली, कुत्रा झाला, घोंगडी पांघरून रात्री शेत राखणारे दोन जागले झाले, चार खांबांचं मचाण झालं. आई पलंगावरून चुका काढी, हा दुरुस्त करी. कधी छपाई अर्ध्यावर असताना वीज जाई आणि बिनडोक्याचं डुक्कर तयार होई. आई ते फेकू देत नसे. म्हणे, "असू दे, हे वाघानं खाल्लेलं."

एवढी मंडळी जमल्यावर त्यांचा खेळ होणारच होता. प्लायवूडच्या पाटावर त्याने शेत रंगवलं: कडेला नाला, मग कपाशी, मधोमध चण्याचा ढीग. एकाने जनावरं घ्यायची, दुसऱ्याने जागले. जनावरं उघडी नसतात. ती पोकळ झुडपांखाली झाकलेली असतात, आणि काही झुडपं रिकामीच असतात. जनावरंवाला झुडपं हळूहळू ढिगाकडे सरकवतो. जागल्याने आपल्या पाळीला जवळच्या एकाच झुडपावर बॅटरी मारायची, म्हणजे ते उचलून पाहायचं. खाली जनावर निघालं तर ते पळालं. रिकामं निघालं तर पाळी फुकट गेली. जनावर ढिगाला पोचलं की जागला हरला.

झुडपांवर त्याने सगळ्यात जास्त मेहनत घेतली. सगळी बाहेरून अगदी सारखी हवीत. आईचा कान तिखट. सरकवताना भरलेल्या झुडपाचा आवाज वेगळा येतो हे तिने लगेच ओळखलं. त्याने बुडाला कापड चिकटवलं. मग झुडूप सरकवताना त्याच्या हाताला किती जोर लागतो, यावरून ती वजन ओळखू लागली. त्याने रिकाम्या झुडपांत शिसं भरलं. तेव्हा कुठे डाव बरोबरीचा झाला, आणि तरीही आई जिंकतच राहिली. तिची डुकरं भलत्या वाटेने येत. रिकामं झुडूप ती मुद्दाम घाबरत घाबरत सरकवी आणि भरलेलं बेफिकीर ढकलून देई. हरल्यावर ओमप्रकाशने कपाळाला हात लावला की ती म्हणे, "झोपून गेला जागल्या. जाय, भाकर कर."

संध्याकाळचा हा एक तास त्याच्या दिवसाचा कणा झाला. लॅबमध्ये हात दात घासत असत आणि डोकं झुडपांमागे असे. आई दिवसभर आपली वाट पाहत असेल, या विचाराने तो सायकल जोरात हाणी.

गेल्या हिवाळ्यात आई गेली. तिला दवाखान्यात नेलं, ती परत आली नाही. तेरवीनंतर मंजुषा आपल्या घरी गेली आणि घर शांत झालं.

काही दिवसांनी त्याने डाव मांडला. दोन्ही बाजू आपणच खेळू, असं त्याला वाटलं. झुडपं लावली, समोरच्या बाजूला जाऊन बसला, बॅटरी मारायला हात उचलला, आणि तिथेच थांबला. डुक्कर कुठल्या झुडपाखाली आहे हे त्याला माहीत होतं. त्यानेच ठेवलं होतं. बुद्धिबळ एकटा माणूस खेळू शकतो, पत्तेही लावू शकतो. पण हा खेळ त्याने असा बनवला होता की त्याला दुसरं माणूस लागतच होतं. स्वतःपासून काही लपवता येत नाही.

मग दुसरं माणूस शोधणं आलं. लॅबमधल्या दोघांना त्याने घरी बोलावलं. त्यांनी जनावरांचं मनापासून कौतुक केलं, फोटो काढले आणि बायकोच्या नावाची किल्लीला लावायची पट्टी छापून मिळेल का, असं विचारलं. मंजुषाचा रोशन इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, मामा, हे मोबाइलवर आणा, मग पाहू. शेजारचे अण्णाजी निवृत्त तलाठी. ते एकदा खरंच बसले. पण दर पाळीला त्यांना जुनी एखादी मोजणी आठवे आणि ती सांगून होईपर्यंत आपण जागले की जनावरं हे ते विसरत. शेवटी त्यांनी एक डुक्कर डोळ्यांजवळ धरलं आणि विचारलं, "नंदी जमते का तुले? तान्ह्या पोळ्याले नातवासाठी पायजे."

नंदी जमला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं दारोदार ओढत नेतात तसा, चाकांवर चालणारा, शिंगांना बेगड लावलेला. अण्णाजींनी तो चार घरी दाखवला आणि पोळा जवळ येऊ लागला तशी नंदीसाठी माणसं दारात येऊ लागली. ओमप्रकाशच्या घरात इतकी माणसं कधी आली नव्हती. सगळी उभ्या उभ्या आली, उभ्या उभ्या गेली. बसा म्हटलं की म्हणत, नाई, घाई हाये.

त्या दिवसांत त्याने एक निर्णय घेतला. एक मोठा फासा करायचा. त्याच्या बाजूंवर डावीकडे, उजवीकडे, थांब, अशा खुणा. मग जनावरं फासा चालवेल आणि आपण जागले खेळू. झुडपंही डोळे मिटून लावता येतील. आकार संगणकावर तयार झाला, पण छापायला टाकायला मन होईना. फाशाशी खेळायला लागलो की आपण माणूस शोधायचं सोडणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दुसरीकडे, शोधूनही कोणी मिळत नव्हतं. पोळ्याच्या आधीच्या रविवारी दुपारी त्याने एक तयार नंदी पुसून ठेवला, मशीनवर फासा टाकला आणि बसून राहिला.

मशीन कुरकुरत होती तेवढ्यात दार वाजलं. नंदीवाला कोणी असेल म्हणून त्याने उघडलं, तर धुरपताबाई. आई गेल्यापासून ती आली नव्हती. ती आत आली, पाणी प्यायली आणि कमरेच्या बटव्यातून एक रानडुक्कर काढून तिने त्याच्या हातावर ठेवलं.

"मायले दवाखान्यात नेलं त्या दिवशी माह्या हातात राह्यलं, भाऊ," ती म्हणाली. "डाव अर्धाच होता. बटव्यात गेलं ते गेलंच."

ओमप्रकाशने ते डुक्कर आठ-दहा वेळा घरभर शोधलं होतं. पण ते आत्ता त्याच्या मनात नव्हतं. त्याने विचारलं, डाव कसला? खेळ तर मी आणि आई संध्याकाळी काढत होतो. एरवी खेळाची पेटी कपाटावर असायची.

धुरपताबाईने पदर सारखा केला. मग तिने सांगितलं. दुपारची जेवणं झाली की ती पेटी उतरवायची. चार वाजेपर्यंत दोघी खेळायच्या. याची यायची वेळ झाली की पेटी होती तशी कपाटावर. सुरुवातीला माय रोज हरायची. मग शिकली, आणि मग तिला आवरणं कठीण झालं.

"मले सांगितलं काऊन नाई?" त्याने विचारलं.

"मायनंच मना केलं. म्हणे, त्याले वाटते मी दिवसभर त्याचीच वाट पाहून राह्यली. वाटू दे त्याले."

ओमप्रकाश डुक्कर बोटांत फिरवत राहिला. म्हणजे त्या भलत्या वाटा, ते घाबरल्याचं सोंग, सगळं दुपारचं होतं. त्याच्या वाट्याला संध्याकाळी आलेलं. ज्या तासाला तो दिवसाचा कणा समजत होता, तो आईच्या दिवसातला उरलेला तास होता. हे टोचलं. आणि टोचता टोचता दुसरंही काही झालं: पलंगावर एकटी पडून दाराकडे पाहणारी आई, जी महिनोन्महिने त्याच्या डोळ्यांपुढे होती, ती दिसेनाशी झाली. त्या जागी दोन बाया हसत बसल्या होत्या.

"आता कोणासंगं खेळता?" धुरपताबाईने विचारलं.

"कोणासंगं नाई."

"मंग मांडा. माही सेलूची बस साडेपाचले हाये."

त्याने टेबलावर पाट मांडला. ती समोर बसली, जनावरं ओढून घेतली आणि त्याला भिंतीकडे तोंड करायला लावून झुडपं लावली. दोन चाली झाल्या आणि ती थांबली. मशीनकडे पाहून म्हणाली, "थे कुरकूर बंद करा. काही सुचू देत नाई."

ओमप्रकाश उठला. फासा अर्ध्यावर आला होता, वरून उघडा, आतली जाळी दिसत होती. एकदा थांबवलं की पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. त्याने बटण दाबलं आणि येऊन बसला.

ती आईसारखी खेळली नाही. आई टोमणे मारत खेळायची. ही गप्प, एखादं झुडूप बोटाच्या टोकाने लोटल्यासारखं न लोटल्यासारखं करणारी. त्याने नाल्याकडच्या झुडपावर बॅटरी मारली: रिकामं. मचाणाखालच्यावर मारली: तेही रिकामं. आपण हरणार, ही जुनी धास्ती परत आली आणि ती त्याला हवीशी वाटली. खेळता खेळता तिने सांगितलं, नागपूरला एका म्हाताऱ्याकडे राहायचं काम मिळालं आहे, उद्या जायचं. सुट्टी कधी मिळेल, ते घरचे लोक कसे असतील, काही माहीत नाही. म्हणूनच उसनं परत करायला आली.

साडेपाच जवळ आले तेव्हा झुडपं कपाशीत शिरली होती आणि डाव कोणाचाच नव्हता. धुरपताबाई उठली, चपला घातल्या, दारातून मागे वळली.

"तुमची चाल झाली, आता माही हाये. तसंच ठेवजा, भाऊ. उचलून पाहाचं नाई."

"नाई पाहत," तो म्हणाला. "येजा मात्र."

"पाहू. सुट्टी भेटली त येईन," ती म्हणाली आणि गेली.

त्या रात्री तो स्वयंपाकघरात जमिनीवर बसून जेवला, कारण टेबल गुंतलं होतं. पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिच्या फोनवर त्याने एकदा घंटी दिली. कोणीतरी पुरुषाने उचलून, ती कामात आहे, असं सांगितलं. पोळा झाला, नंदीवाले बंद झाले, मशीन रिकामी झाली. अर्धा फासा त्याने खिडकीत ठेवला. त्यात आता स्क्रू असतात. कामावरून आला की कपडे बदलण्याआधी तो पाटासमोर उभा राहून कपाशीतल्या झुडपांकडे पाहतो. डुक्कर डाव्या बाजूला असणार, असं त्याला एक दिवस वाटतं. दुसऱ्या दिवशी वाटतं, छे, ती बाई इतकी सरळ नाही.

दिवाळीच्या आधी अण्णाजी चाक सुटलेला नंदी घेऊन आले. चाक बसेपर्यंत ते टेबलाशी गेले. पाटावर धूळ दिसली, तेव्हा फुंकर मारून त्यांनी एका झुडपाला हात घातला.

"हात नका लावू," ओमप्रकाश म्हणाला. आवाज इतका चढला की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

अण्णाजींनी हात मागे घेतला. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "काऊन रे? कोणाचा डाव हाये हा?"

"धुरपताबाईचा आन माहा. तिची पाळी हाये."

अण्णाजींनी चाक फिरतं का ते पाहिलं आणि नंदी बगलेत धरून निघून गेले. ओमप्रकाशने आतून आईचं एक जुनं पातळ लुगडं आणलं. खुर्च्यांच्या पाठी पाटाच्या चारही बाजूंना लावून घेतल्या आणि लुगडं त्यांच्यावरून असं ताणलं की कुठल्याही झुडपाला ते टेकणार नाही. मग तो भाकरीचं पीठ काढायला गेला.