शेवटच्या कोऱ्या पानावरची मतं

नाशिकजवळच्या मखमलाबादच्या मळ्यातून मी निघाले ती भर दुपार होती. टॅक्सी बांधाशी उभी होती आणि नाना, म्हणजे माझे वडील, माझी बॅग भाजीच्या काट्यावर ठेवून वजन बघत होते. दोन किलो जास्त भरली. नानांनी शांतपणे काळ्या मसाल्याचा डबा बाहेर काढला, पुस्तकांना हातही लावला नाही. आई कडाडली, "तिकडं पोरगी पुस्तकं खाणार हाय का?" नाना म्हणाले, "मसाला तिकडं बी भेटतो. हे नाय भेटत." मी हसले. परक्या देशात आपलं कसं होणार, हीच एक भीती होती. मागे राहिलेल्यांचं काय होईल हा विचार तेव्हा मला शिवलाही नाही. जे मळ्यात राहिलात आणि जे माझ्यासारखे निघालात, त्या सगळ्यांना हे सांगायचंय, कारण भीतीची ही अदलाबदल केव्हा झाली ते मला कळलंच नाही.

अकरा वर्षं झाली. मी रॉटरडॅमजवळ फळं तपासण्याचं काम करते. कंटेनर येतात, पेट्या उघडायच्या, टेम्परेचर बघायचं, घड उलटासुलटा करून फोटो काढायचे. हिवाळा सरत आला की नाशिकची द्राक्षं येतात. पहिल्या वर्षी ती पेटी उघडली तेव्हा मी कोल्ड स्टोरेजमध्ये ढसाढसा रडले होते. आता नुसता रिपोर्ट लिहिते.

आमच्या घरात पुस्तक वाचून झालं की शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने आपलं मत लिहायची रीत आहे. ती नानांनी पाडली. भाजी घेऊन पंचवटीच्या बाजारात जायचे आणि परत येताना जुन्या पुस्तकांच्या गाडीवरून एखादं उचलून आणायचे. अटी दोनच. स्वतःचं मत लिहिल्याशिवाय आधीचं वाचायचं नाही, आणि खोटं लिहायचं नाही. "आवडलं नाय तर नाय लिव. पण का नाय, ते लिव," असं ते मला सातवीत असताना म्हणाले होते. मी निघाल्यावरही ते थांबलं नाही. कोणी ना कोणी इकडे येत असतं, त्याच्यासोबत नाना पुस्तकं पाठवतात, मी माझं मत लिहून, गावी जाणारं कोणी मिळालं की परत धाडते, बाकीची माझ्या कपाटात साठतात.

या जानेवारीत तीन पुस्तकं आली. पहिली एक कादंबरी, धरणात गेलेल्या गावाची. सुरुवातीची शंभर पानं मी जेवणाच्या सुट्टीत अधाशासारखी वाचली. घरं उठताना बायका चुलीतली राख बांधून नेतात, तो प्रसंग तर विसरणं शक्य नाही. पुढे मात्र गावातले गुरुजी भाषणं द्यायला लागतात आणि कादंबरीचा पार विचका होतो. मी तसं लिहिलं आणि मग नानांचं मत वाचलं. "मास्तर बोलायला लागला तो थांबेच ना. लेखकाने त्याला चहा पाजून घरी लावून द्यायला पाहिजे होतं." मी ट्राममध्ये एकटीच हसत बसले.

दुसरं, पेठकडच्या आरोग्य केंद्रात नोकरी केलेल्या एका नर्सच्या आठवणी. मला आत्मचरित्रांचा जरा कंटाळाच आहे, बहुतेकांत लेखक स्वतःवरच खूश असतो. ही बाई तशी नाही. एका बाळंतपणात आपलं काय चुकलं ते तिने चार पानं सविस्तर लिहिलंय, कुठेही सारवासारव नाही. अलीकडे वाचलेल्यांत मला हे सगळ्यात मोठं पुस्तक वाटतं. नानांनी एकच ओळ लिहिली होती, "बाई खरी हाय."

तिसरी पुन्हा कादंबरी. द्राक्षबागेची. मुलगा परदेशात, म्हातारा एकटा, आणि शेवटी तो आपल्या हाताने बाग तोडून टाकतो. ही वाचून झाल्यावर मला इतका राग आला की लिहायचं मी दुसऱ्या दिवसावर टाकलं. पण नाना काय म्हणतात ते बघायचा मोह आवरला नाही आणि मी अट मोडली. पान उघडलं, तर एकाखाली एक दोन मतं.

वरचं असं. "एकदम खरं पुस्तक. म्हाताऱ्याने बाग तोडली ते बरोबर केलं. आपल्या हाताने लावलेलं आपल्या हाताने काढावं. वाचताना डोळे भरून आले."

आणि खालचं. "अजिबात पटलं नाही. जित्या वेलीवर कुऱ्हाड कोण चालवील? हे लिहून मग वरचं वाचलं. ज्यांनी कोणी ते लिहिलं हाय, त्यांनी मळा बघितलेला दिसत नाही. अक्षर मात्र चांगलं हाय."

मला आधी मजा वाटली. नानांना गावात कोणी वाचणारा जोडीदार भेटला म्हणायचा! मग सही बघितली. आमच्यात पूर्ण नाव लिहीत नाहीत, एक अक्षर पुरतं. दोन्हींखाली 'ना.' आणि तारीख होती. दोन्ही अक्षरं नानांचीच, दोन तारखांत जेमतेम तीन आठवडे.

जे पुस्तक वाचून हा माणूस रडला, तेच त्याने तीन आठवड्यांनी नवं म्हणून वाचलं, आणि वर लिहिणारा कोण ते त्याला ओळखता आलं नाही. मी कपाटातली सगळी पुस्तकं जमिनीवर मांडली आणि शेवटची पानं तपासत सुटले. घडातला सडका मणी बाहेरून दिसत नाही, देठाशी बोटं घालून शोधावा लागतो. मी तशीच शोधत होते आणि काही सापडू नये म्हणून मनात घोकत होते. सापडलं. दोन वर्षांपूर्वीच्या एका मतात भलत्याच पुस्तकाचा नायक होता. तेव्हा मी ते गमतीवारी नेलं होतं.

आईला फोन केला. ती आधी "वय झालं आता" म्हणाली. मग चपलांचा आवाज आला, ती फोन घेऊन मागे गोठ्याकडे गेली असावी. "मी पोथीबिगर काय वाचत नाय," ती हळू आवाजात म्हणाली, "पण यांचं अक्षर वळखते ना. दोनदा लिवलेलं बघितलं मी. फोनवर तुला कसं सांगू? हे शेजारीच बसलेले असतात. म्हणून ते पुस्तक मुद्दाम घातलं पिशवीत."

"डॉक्टरांना दाखवलं का?"

"दाखवलं. गोळ्या चालू हायेत. तुझ्याशी बोलताना नीट बोलतात गं. दहा मिनिटं नीट बोलतात. बाकीचा दिवस मलाच म्हाईत."

दर रविवारी मी दहा मिनिटं बोलत आले आणि नाना ठणठणीत आहेत असं समजत आले. हे लिहिताना लाज वाटते. लाजेपेक्षा भीती जास्त वाटते. मेमधलं तिकीट काढलंय, महिन्याभराची रजाही मिळालीय. पण मे यायला अजून किती दिवस आहेत आणि तेवढ्या दिवसांत काय काय पुसलं जाईल, याचा हिशेब मला करता येत नाही.

गेल्या रविवारी नानांनीच विचारलं, "ती बागेची कादंबरी वाचली का?"

"वाचली, नाना."

"मग लिव की. खरं लिव. आधीच दोघांनी काय काय लिवून ठेवलंय त्यात. त्यांचं वाचून लिवू नको, वैशू."

मला वैशू म्हणाले. त्या एका शब्दावर मी अख्खा आठवडा काढला.

आज लिहायला बसले. खरं मत असं की म्हाताऱ्याबद्दल नाना दोन्ही वेळा बरोबर आहेत. मन काही एकाच बाजूचं नसतं. माझी तक्रार त्या मुलाबद्दल आहे. लेखकाने त्याला निव्वळ कोडगा करून टाकलंय. दिवाळीला फोन करतो, पैसे पाठवतो, झालं. तो घाबरताना एकदाही दिसत नाही. गेलेल्यांना लेखक ओळखतच नाही. फोन वाजला की आपल्या छातीत कसं धस्स होतं ते जे निघालात त्यांना माहीत आहे, आणि जे राहिलात त्यांना आम्ही ते कधी सांगितलं नाही. हे सगळं मी पानावर लिहिलं, बारीक अक्षरात, कारण जागा थोडीच उरली होती.

खाली 'वै.' लिहायला गेले आणि हात थांबला. आपण कोण ते जिथे सांगावं लागत नाही ते घर, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. आता वाटतं, पुन्हा पुन्हा सांगावं लागलं तरी जिथे सांगायला जायचं, ते घर. पेन्सिल ठेवली, पेन घेतलं आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरांत लिहिलं, "नाना, मी वैशाली. तुमची मुलगी."