कुंपणाला हरकत

अर्ज करण्यासाठीच जन्माला आलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो ठाण्याला नौपाड्यात आमच्या शेजारी राहत होता. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ दूधवाल्याला 'उद्या अर्धा शेर कमी' हेसुद्धा तारीख घालून लेखी देत. मांजराला हाकलण्याआधी त्याला दोनदा तोंडी समज देत. पत्नी गेली, घरात ते एकटे उरले, आणि त्याच वर्षी आमच्या दोघांच्या अंगणांमध्ये तारेचं कुंपण घालण्याची परवानगी त्यांनी म्युनिसिपालिटीकडे मागितली.

मामला साधा होता. अर्ज, नकाशा आणि शेजारी म्हणून माझी संमतीची सही. पण अर्ज परत यायचा. कधी ह्यांच्या नकाशात उत्तर दिशा राहिलेली, कधी खांबांची उंची. नव्या अर्जाला नवी सही लागे, म्हणून दर रविवारी सकाळी हे कागद घेऊन आमच्या ओटीवर हजर. चहा बशीत ओतून सावकाश पीत आणि उठताना म्हणत, "कामं घाईनं होत नसतात हो." मोजमापाला ओव्हरसियर आला, तेव्हा त्यांनी स्वतः पोहे केले. ते कच्चेच राहिले होते, तरी तो भला माणूस दोन तास बसला.

तीन वर्षं हे चाललं. मग मला दया आली, आणि शहाणपणा नडला. ओळखीच्या कारकुनाला गाठून मी अर्ज बिनचूक करून घेतला आणि परवाना त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. "उपकार झाले," एवढंच म्हणाले. पुढच्या रविवारी ते आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. खांब आले नाहीत की तार आली नाही. हे आपले दिवसभर खिडकीत बसलेले. शेवटी बायको म्हणाली, "अहो, त्यांना कुंपण कुठे हवं होतं?" मला माझीच फार लाज वाटली.

त्याच दिवशी मी त्यांच्याकडे लेखी हरकत पाठवली, की नियोजित कुंपणाची सावली आमच्या अबोलीवर पडेल. रविवारी हे कागद घेऊन हजर. चष्मा पुसत म्हणाले, "तारेची सावली? मसुदा फारच कच्चा आहे तुमचा. बसा, आपण नीट लिहू." तो मसुदा ते असेपर्यंत पुरा झाला नाही.

आता तिथे नवे लोक आहेत. आल्या आल्या त्यांनी पुरुषभर उंचीची भिंत बांधली. माझी सही मागायला कोणी आलं नाही.