समुद्रावरून न बघितलेली बत्ती

अर्नाळ्याच्या बेटावरच्या दीपगृहाची बत्ती ज्याने उभी हयात सांभाळली, त्या आत्मारामाने ती समुद्रावरून एकदाही बघितली नव्हती. ऐकणाऱ्याला हे खोटं वाटतं, पण जरा विचार केला की पटतं. बत्ती दिसते अंधारात, आणि अंधार पडला की आत्माराम बत्तीपाशी. त्याच्या बरोबरीची पोरं होडीवर गेली, तांडेल होऊन सुकाणू धरू लागली, बत्ती बघत बघत घरी आली. हा मात्र वर बसून त्यांची वाट बघायचा. आचाऱ्याला पंगतीत बसायला मिळत नाही, त्यातलाच प्रकार.

बत्तीचा इतिहास म्हणाल तर तो सगळा त्याच्याच घरातला. बापाच्या वेळी घासलेटचा दिवा होता. वारा सुटला की बाप अंगावरचं कांबळं काढून फटीला लावायचा आणि स्वतः कुडकुडत बसायचा. आत्मारामाच्या हातात कारभार आला तेव्हा गॅस आला. टाक्या होडीतून उतरवायच्या, खांद्यावर घेऊन वर चढवायच्या, आणि चढवताना सरकारला शिव्या द्यायच्या, असा रिवाजच पडला होता. पुढे सोलरचा दिवा बसला. तो संध्याकाळी आपला आपण लागतो, सकाळी आपला आपण विझतो. आत्मारामाला शाल-नारळ देऊन घरी पाठवलं. दिवा बदलला तरी भोवतालची जाड काच मात्र तीच राहिली, आणि त्या काचेच्या जोरावर तो बत्तीला अजून ‘माझी’ म्हणायचा. त्याला कोणी अडवत नसे.

मग रिटायर झाल्यावर तरी बघायची की नाही? पण तोवर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की आत्माराम घरातून नाहीसा व्हायचा.

मनात एक सल मात्र जुनाच होता. बंदरावर होडीवाले त्याची चेष्टा करायचे. “काल जेवाया बसलावतास काय रं आत्माराम? बत्ती दिसली नाय ती,” असं कोणीतरी म्हणायचं आणि सगळे हसायचे. आत्मारामही हसायचा. घरी आल्यावर मात्र घास गोड लागायचा नाही. खरंच दिसत नसेल तर? होडीवाले सवयीने घरी येत असतील आणि चांगुलपणाने आपल्याला सांभाळून घेत असतील तर? मग आपण आयुष्यभर केलं काय? बायको यमुना म्हणायची, “दिसते वो, सगल्यांना दिसते.” पण होडीत बसलं की यमुनेला उलट्या होत. ती कधी रात्रीची समुद्रात गेलेली नाही, तिची साक्ष काय धरायची?

शेवटी लेकीने, विनिताने, त्याला माणिकपूरच्या डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं. दिवाळीच्या आधी दोन्ही डोळे मोकळे झाले. दिवाळी सरता सरता त्याने घरात जाहीर केलं, “आता मी माजी बत्ती दर्यातून बगनार.” विघ्नेश हा त्याच्या बहिणीचा मुलगा, स्वतःच्या होडीचा तांडेल. तो लगेच म्हणाला, “चला मामा, उद्याच जाऊ.”

दुसऱ्या दिवशी विनिता नायगावच्या टॉवरमधून मुद्दाम आली. आनंद तिच्या पोटात मावेना, म्हणून तिने गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप टाकला, की आज संध्याकाळी बाबा समुद्रातून बत्ती बघणार आहेत. एवढंच. पण अर्नाळ्यात कोणाचं कौतुक करायचं म्हणजे रोषणाई करायची, याला दुसरा अर्थच नाही. दिवाळीच्या माळा अजून घरांवर होत्याच. ज्यांनी काढल्या होत्या त्यांनी परत चढवल्या. मांडववाल्याने बंदरावर मोठाले दिवे आणून लावले, बेटावरच्या वस्तीने नांगरलेल्या होड्यांनाही माळा गुंडाळल्या.

इकडे भर समुद्रात सूर्य बुडाला, काळोख दाटला, आणि विघ्नेशने होडी गावाकडे वळवली. आत्माराम होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर हात टेकून उभा होता. समोर बेट आणि बंदर नुसतं लखलखत होतं. लाल, हिरवे, निळे, पळणारे, थांबणारे, लुकलुकणारे दिवे. त्यात बत्ती काही सापडेना. त्याने डोळे चोळले, डोक्यावरची टोपी काढली, परत घातली.

“दिसत नाय,” तो म्हणाला. “म्हंजे होडीवाले खरंच बोलत होते.”

विघ्नेशने कपाळाला हात लावला आणि विनिताला फोन केला. “ताय, गावाला सांग सगले दिवे बंद करा. मामांना बत्ती दिसत नाय.”

ग्रुपवर पुन्हा निरोप गेला. एकेक आळी विझू लागली. बंदर विझलं, होड्या विझल्या, बेटावरची वस्ती विझली. पण किनाऱ्यावरच्या एका छपरावर एक हॅलोजन दिवसासारखा जळत होता, आणि ते छप्पर आत्मारामाचंच होतं.

फोनवर विनिताच्या मागून यमुनेचा आवाज येत होता. “सगल्यांचे विझूं दे. ह्यांचा मान हाय आज, माजा दिवा मी नाय विझवनार.”

“आई, मानापायी बाबांना बत्ती दिसत नाहीये,” विनिता कळवळून म्हणाली. हॅलोजन विझला.

आणि काळोखात, सगळ्यांच्या वर, बत्ती दिसली. पांढरी, शांत, लागते आणि मिटते, परत लागते. आत्माराम बघतच राहिला. वाटली होती त्याहून ती लहानच होती. पण दिसत होती. तरी त्याच्या मनाला अजून पूर्ण खात्री पटेना. दिसते खरी, पण कोणाच्या कामाला येते काय?

विघ्नेशने मान उचलून बत्तीकडे एकदा बघितलं, सुकाणू जरासं दाबलं, होडी खडक टाळून वाटेला लागली, आणि तो सहज म्हणाला, “मामीनं कालवन कसलं केलंय वो आज?”

आत्मारामाला जन्मभर ज्याचा घोर लागला होता ते, बत्ती बघून वाट धरणं, विघ्नेशने बोलता बोलता, विचारसुद्धा न करता केलं होतं. म्हातारा हुंदके देऊन रडला, आणि इतका सुखी तो कधीच झाला नव्हता.

किनारा जवळ आला. गाव अंधारात उभं राहून वाट बघत होतं. आत्मारामाने नाक पुसलं.

“विघ्नेश, होडी परत बाहेर घे,” तो म्हणाला. “आनी बत्ती बगत परत एकदा आत ये.”